सोहारमध्ये फोन न करता गेलो

मंडळी, आज सुट्टी म्हणून मस्कतहून गाडी काढली. वाटेत सोहारची पाटी दिसली. तिथं आमच्या वाशिमकडचे, अनसिंगचे गजाननभाऊ राहतात. ओळख एवढीच की एका लग्नात शेजारी जेवायला बसलो होतो आणि त्यांनी घरचा पत्ता दिला होता. तरी मी गाडी वळवली.

सोबतचा पुण्याचा सहकारी हादरला. "अहो, आधी फोन तरी करा!"

फोन? आमचे बाबा जीप भरून आम्हाला शेगावला न्यायचे, तेव्हा वाशिमजवळच्या मालेगावला आत्या, पुढं मावसा, मग मावशाचे व्याही. "गाव लागलं अन् थांबलो नाही, तं लोकं काय म्हनतीन?" दर्शनाआधीच आमची पोटं भरलेली.

परदेशात आल्यापासून मात्र मी असा कोणाच्याच दारात गेलो नव्हतो. बेल दाबली आणि मग मनात आलं. यांनी ओळखलंच नाही तर?

दार उघडलं. भाऊ बनियनवर, चेहरा कोरा.

"मी वाशिमचा. असाच चाललो होतो इकडून."

"मंग बाहेर काहून उभे? या ना!" आणि आत वळून, "अवं, गावाकडचे पाहुणे आले!"

चहा झाला, पोहे झाले. घड्याळ बघणाऱ्या पुणेकरानं पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

निघताना भाऊ गाडीची खिडकी सोडेनात. "वापसीतबी याच रस्त्यानं या. इथं न सांगता कोनी येतच नाही हो."

तुमच्या रस्त्यात कोणाचं घर लागतं? फोन करू नका. सरळ बेल दाबा.