चौकटीवरची कोरफड

खरं सांगायचं तर त्या दिवसांत महादेवावरचा माझा विश्वास उडत चालला होता, आणि तरी त्याचाच अंगारा मी रोज आत्याबाईंच्या जखमेत भरत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. खाटेची धार लागून नडगीची कातडी सोलली गेली, ती तीन महिने भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर पाय काढावा लागेल. ते पट्टी बांधून देत आणि मी घरी येऊन ती सोडून, अंगारा दाबून पुन्हा बांधत असे. आमच्यात पूर्वापार हेच चालत आलेलं. डॉक्टरांना सांगायची काही सोय नव्हती.

त्यातच आत्याबाईंना ती बाई दिसायला लागली. युसूफ वडगाव या गावात आमचं किराणा दुकान पुढं, घर मागं. भर दुपारी सामसूम असायची. दुकानात नव्यानंच आलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा सळसळत, तेवढाच आवाज.

"सूनबाई, तिला पाणी दे की. कवाची पायथ्याशी बसली हाय."

पायथ्याशी कोणी नसे. दिसते कशी, असं विचारलं तर म्हणाल्या, "हिरवं लुगडं, कोपरापत्तोर गोंदलंय. बोलत न्हाई. नुसती पायाकडं बघती." न्यायला आलेली ही, असंच मी धरून चालले. ती जागा झाडायचंही मी टाळू लागले.

ती बाई दिसायला लागल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी दारात हाक आली, "बाई, पाणी मिळंल का?"

हिरवं लुगडं. कोपरापर्यंत गोंदण. मी तांब्या पुढं केला. मांजरसुंब्याची एसटी चुकली म्हणून आले, असं ती म्हातारी म्हणाली. पण पाणी न पिताच सरळ आत जाऊन आत्याबाईंच्या पायथ्याशी बसली. मी जखमेचं अक्षरही बोलले नव्हते. तिनं पट्टी उलगडली.

"राख कपाळाला लावायची असती, जखमंला न्हाई. पार सुकवून टाकलीस की." मग चौकटीकडं बोट केलं. "दवा तर तिथं टांगलाय."

दृष्ट लागू नये म्हणून तिथं उलटी बांधलेली कोरफड होती, मातीपाण्यावाचून हिरवीगार. तिला हात लावायचा नाही, ही घरची रीत. "कापली तर घरावर संकट येईल," मी म्हणाले.

"घरावर आलंयच की. कावून भेतीस?"

मी विळी घेतली. तिनं सांगितलं तसा पिवळा चीक गळू दिला, साल काढून गर धुतला आणि जखमेवर ठेवला. न राहवून विचारलं, "तुमी याआधी आलता का?"

"न्हाई गं. आजच आले."

आत्याबाई मात्र हसल्या. "रोजच येती की."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढं मी अंगाऱ्याचं सगळं कबूल केलं. ते लई रागावले, जखम धुऊन काढली, आणि म्हणाले, "आणखी पंधरा दिवस थांबतो. गर लावा, पण माझ्या देखरेखीखाली." ते पंधरा दिवस सरले तेव्हा कडेनं गुलाबी कातडी दिसत होती. पाय वाचला. ती बाई नंतर ना दारात आली, ना आत्याबाईंना दिसली.

ती कोण, हे मी कधी शोधलं नाही. तिच्या आठवणीनं अजून अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी हात जोडले जातात. देवावर भार टाकतेय असं म्हणत मी आपलंच खरं करत बसले होते. माझा हट्ट सुटला त्या दुपारी, आणि ज्या बाईला मी मरण समजले होते, तिनंच माझ्या आत्याबाईंना पायावर उभं केलं.