जिनिंगमामांचा एअर फिल्टर

जिनिंगमामांच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की आधी ते ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून पाहत. आहेरात आलेला टॉवेल असो, बिस्किटाचा पुडा असो, नाहीतर माझ्या नव्या साडीचा पदर असो. ओढायचं, उजेडासमोर धरायचं, वास घ्यायचा आणि मग "बरा हाय" किंवा "जमला नाई" असा निकाल द्यायचा. मला पाहायला आलेल्या मुलाशी हात मिळवताना त्यांनी त्याचीही बोटं जरा जास्तच वेळ धरून ठेवली होती. तो मुलगा पुढे माझा नवरा झाला, म्हणजे निकाल बरा लागला असावा.

ही सवय कापसानं लावलेली. नाचणगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मामांची उभी हयात गेली. गाडीतून आलेल्या कापसाचा मूठभर पुंजका उपसायचा, धागा किती लांब आहे ते पाहायचं, ओल किती आहे ते हुंगून सांगायचं, हे त्यांचं काम. सख्खे मामा असूनही आम्ही भाचरं त्यांना जिनिंगमामाच म्हणत असू. सरकीपासून रुई वेगळी होताना जे बारीक तूस उडतं, त्यानं तिथली हवा कायम पांढुरकी असे. ती हवा मामांनी जन्मभर छातीत ओढली. त्यांचा खोकला त्यांच्याआधी आमच्या दारात पोचायचा आणि त्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची.

दर रविवारी मामा एकटेच पांदणीनं चालत नदीवर जात. शेताशेतांमधून जाणारी ती बैलगाडीची वाट. पलीकडच्या टोकाला वर्धा नदीचा काठ, तिथे एक मोठा सपाट दगड. त्यावर बसायचं आणि परत यायचं. "काय करता हो तिथं?" असं मामीनं विचारलं, की म्हणत, "काई नाई. तिथली हवा खाली उतरते." म्हणजे छातीत खोलवर जाते. रिटायर झाल्यावर मात्र त्यांचा दम इतका कमी झाला, की पांदणीच्या तोंडाशीच बसावं लागू लागलं. मोटरसायकल त्या खाचखळग्यांत घसरायची, आणि बैलगाडी तर कोणाकडे उरलीच नव्हती. नदी होती तिथेच होती, फक्त मामांसाठी दूर गेली होती.

अशात सेलूकडचं, बोर धरणाच्या वाटेवरचं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथलं सामान विक्रीला निघालं. मामीनं मामांना सोफा पाहायला पाठवलं. संध्याकाळी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून चार फुगीर टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची, पोरासोरांना माळावर फिरवायची लाल गाडी खाली उतरली. मामी कमरेवर हात ठेवून उभी.

"सोफा कुठी हाय?"

"हे काय. चार पाय हाय, गादी हाय. बसून तं पाह्य."

मामीनं त्या गाडीचं नाव खेकडा ठेवलं आणि आपण तिच्यावर कधीच बसणार नाही म्हणून सांगून टाकलं. तो शब्द तिनं मामा असेपर्यंत पाळला. मला मात्र मामांनी अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन हळूच सांगितलं, "पायानं आता होत नाई वं पोरी. हिच्यावर बसून एक डाव नदीवर जातो. तू चाल संगं." मी पुलगावच्या शाळेत शिकवते. रविवार मोकळाच असायचा. मी लगेच हो म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ती गाडी भलतीच आवडली होती.

पण आमच्याकडची काळी माती वाळली, की मैद्याइतकी बारीक होते. ती डोळ्यांत जाते, डब्यात जाते, बंद कपाटातल्या साड्यांतही जाते. गाडीच्या पोटात का जाणार नाही? गावातल्या दोन-चार चकरांतच ती खोकायला लागली. मेकॅनिकनं सीटखालची डबी उघडून आतला फिल्टर दाखवला. जुना स्पंज होता, हात लावताच त्याचे तुकडे पडले. "हा बदला, नाई तं इंजिन माती खाऊन मरन," तो म्हणाला. कंपनीचा फिल्टर कुठेच मिळेना. बसवता येतील असे तीन प्रकार होते, आणि त्यांतून एक निवडायचा होता.

इथून मामांचा खरा काळ सुरू झाला. दिवाळीनंतर ते निवडायला बसले ते होळीपर्यंत निवडतच होते. नागपूरहून मागवलेले तिन्ही फिल्टर बाजेवर पांढऱ्या चादरीवर मांडलेले: घड्या घातलेला कागदाचा, तेल लावलेल्या सुती जाळीचा आणि फोमचा. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा आणि त्यासोबत मत द्यायची सक्ती. दूधवाल्यानं कागदाचा सांगितला, पोस्टमननं सुती. माझा नवरा इंजिनिअर, त्याला वाटलं आपण तक्ता करून प्रश्न मिटवू. मामांनी त्याचा तक्ता कौतुकानं पाहिला आणि तोही चादरीवर ठेवून दिला. मामी झाडताना ती चादर उचलायची आणि मामा "हात नको लावजो!" म्हणून ओरडायचे.

मामांची तपासायची रीत त्यांची स्वतःची होती. फिल्टर तोंडावर धरायचा आणि त्यातून श्वास घ्यायचा. "पयले मले दम घेता आला पायजे, मंग गाडीले." कागदाच्या फिल्टरमधून त्यांना श्वास पुरेना, शिवाय वाटेवरच्या नाल्यातलं पाणी उडालं तर कागदाचा लगदा होणार. सुती जाळीतून मात्र ते मोकळा श्वास घेत. आम्हाला वाटलं, जन्मभर कापसात राहिलेला माणूस, आता कापूसच घेणार. मामांनी ती जाळी उजेडासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि खाली ठेवली. "कापसाले मी वळखतो. लय मोकळ्या मनाचा हाय तो. आपली माती बारीक, थे बी तो आत येऊ देईन." राहिला फोम. तो धुता येतो, आणि त्याला खास चिकट तेल चोळलं की धूळ वरच अडकते. होळीच्या दिवशी फोम ठरला आणि मामीनं त्या आनंदात पुरणपोळ्या जास्त केल्या.

आणि मग मामांनी जो घोळ घातला, तो फक्त आमच्या भागातल्या माणसालाच सुचावा. ते खास तेल कुरिअरनं यायचं होतं. चार महिने निवडीत घालवलेल्या माणसाला चार दिवस थांबवेना. त्यांनी स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बाटली उचलली. आमच्याकडे जवसाचं तेल चटणीवर घेतात, दाराच्या लाकडालाही लावतात. चिकट तर ते आहेच. मामांनी फोमला सढळ हातानं तेल लावलं, उन्हात ठेवून निथळवलं, मग गाडीत बसवलं आणि पुढच्या रविवारी आम्ही नदीकडे निघालो.

पांदणीच्या अर्ध्यात गाडी घुसमटली आणि बंद पडली. डबी उघडली तर फोमचा पापड झालेला. जवसाचं तेल वाळून कडक होतं, म्हणूनच तर ते दाराला लावतात! मामा इतके हसले, की हसता हसता खोकला लागला आणि तो थांबेचना. वर ऊन, सावलीला एक बाभूळ, आणि त्यांचे ओठ निळसर पडत चाललेले. मी हाका मारून शेतातल्या माणसांना बोलावलं. त्यांनी मामांना एका लाकडी फळीवर बसवून गावापर्यंत उचलून आणलं. फाटकात मामी उभी होती. आम्ही चकरेला गेलो, की गाडीचा परतीचा आवाज येईपर्यंत ती तिथेच उभी राहायची. त्या दिवशी आवाज आला नाही, माणसंच आली. मी तिचा चेहरा त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता.

वर्धा शहरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि सांगितलं, यापुढे धुळीत जायचं नाही, घराबाहेर पडताना नाकातोंडाला मास्क हवाच. मामांनी मास्क खिशात घातला. घरी आल्यावर मात्र मामीचा बांध फुटला.

"गाडीच्या नाकासाठी चार महिने घालवले तुमी! आन् सोताच्या नाकाले जिनिंगात एक फडकं बांधता नाई आलं? काऊन नाई बांधलं? सांगा ना!"

मामांनी खिशातला मास्क काढून चिमटीत ओढून पाहिला. मग म्हणाले, "नाक बांधलं असतं तं ओल कशी समजली असती? माह्या नाकावरच तं पगार होता." मामी चुलीकडे गेली.

आता प्रश्न एकच होता, मामा पुन्हा नदीवर जातील की नाही. उन्हाळाभर ते ओसरीवर बसून होते. खास तेल आलं होतं, नवा फोमही आणला होता, पण डबी उघडायची कोणाची हिंमत नव्हती. मग पाऊस लागला, पांदण चिखलानं भरली, आणि एके दिवशी मामांच्या डोळ्यांत जुनी चमक दिसली. "धूळ नाई म्हणला डॉक्टर. चिखलाचं काई बोलला का?" पोळ्यानंतर पाऊस उघडला की धूळ बसलेली असते आणि चिखल आळत येतो. ते दिवस त्यांनी हेरून ठेवले होते. मी मामीकडे पाहिलं. मला वाटलं ती आता खेकडा नाल्यात ढकलून देईल.

तिनं हात पुढे केला आणि फोम मागितला. प्लास्टिकच्या पिशवीत फोम आणि तेल घालून ती तो कणकेसारखा मळत बसली. मामांच्या हातात तेवढा जोर उरला नव्हता. तेल सगळीकडे सारखं लागलं, एकही कोरडा ठिपका राहिला नाही. मामांनी फोम चिमटीत धरून ओढून पाहिला, नाकाशी नेला.

"बरा हाय?" तिनं विचारलं.

"लय बरा हाय."

"लौकर येजा. मी उभी हाओ फाटकात."

त्या दिवशी गाडी मी चालवली. मामा मागे मास्क लावून बसले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. दोन्ही बाजूंची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेएवढी झाली होती. नाल्यात पाणी सीटपर्यंत उडालं, पण इंजिन एकदाही अडखळलं नाही. काठावर पोचलो तेव्हा नदी गढूळ आणि भरलेली होती, आणि त्यांचा दगड पाण्याच्या जरा वर होता. मामांनी मास्क काढला. त्यांनी डोळे मिटून जेवढा घेता येईल तेवढा श्वास घेतला. तो फार नव्हता, पण घेतला. मला म्हणाले, "उतरली." बस, एवढंच. मामांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या घडीची इतकी आठवण येते की कधी कधी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

त्या थंडीत मामा गेले. घरीच, सकाळी, चहा निवत असताना. मुंबईहून मामेभाऊ आला, सगळं नीट केलं आणि जाताना गाडी विकायची का म्हणून विचारून गेला. मामीनं गाडीवर ती पांढरी चादर टाकली. मी रविवारी जात राहिले. आम्ही दोघी चहा पीत असू आणि मामांबद्दल बोलणं टाळत असू, त्यामुळे दुसरं बोलायलाही काही नसे.

यंदा पोळा झाल्यावर एका रविवारी मी गेले तर अंगणात मामी पिशवीत फोम मळत बसली होती. "चाल वं," म्हणाली. पदर कमरेला खोचून ती गाडीवर माझ्यामागे बसली, जन्मात पहिल्यांदा. खाचखळग्यांत गाडी उडाली की माझी कंबर घट्ट धरायची आणि मामांना शिव्या घालायची. काठावर मी तिला तो दगड दाखवला. ती त्यावर जाऊन बसली. ऊन कललं, बगळे परतायला लागले, पलीकडच्या काठावरची माणसं घराकडे निघाली. अंधार व्हायच्या आत पांदण पार करायला हवी होती.

"मामी, चला. उशीर होतो."

"बस जरा," ती नदीकडे पाहत म्हणाली. "फाटकात कोन उभं हाय आता?"

मी चावी पर्समध्ये टाकली आणि तिच्याशेजारी बसले.