कुंकू लागलेली निर्वात पेटी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून निघाले, कल्याणला उतरले आणि रिक्षाने डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत शिर्केकाकांच्या कारखान्यात पोहोचले. त्यांनी आमच्या प्रयोगशाळेसाठी बनवलेली नारळाएवढी स्टीलची पेटी घ्यायची होती. तिच्यातली हवा काढून आम्ही तिच्यात अणू कल्पनेपलीकडे गार करणार होतो. पीएचडीचं माझं शेवटचं वर्ष. ही पेटी बिघडली तर नवी होईपर्यंत शिष्यवृत्तीच संपणार होती.

पेटी टेबलावर होती. फॉइल सोडलेलं, वर झेंडूचं फूल, आणि तोंडाच्या कडेवर हळदकुंकवाची बोटं!

"अहो, हे कोणी केलं?" मी किंचाळलेच.

"मी," काकांच्या पत्नी म्हणाल्या. "खंडेनवमीला (अवजारांच्या पूजेचा दिवस) सगळ्या मशिनांना लावलं, तसं हिलाही. झाकलेल्याची पूजा कशी करणार?"

"काकू, बोटाचा तेलकटपणासुद्धा चालत नाही हो हिला! वाट लागली माझी!"

शिर्केकाका डोक्याला हात लावून बसले. पेटी धुऊन तपासायला ठाण्याला न्यायचीच होती. मी ती उचलली, तर काकू चपला घालून तयार. "मी उघडली ना? मीच येणार."

शिळफाट्याच्या रस्त्यावर खड्डा आला की मी पेटी पोटाशी आवळायची. "काय हाय गो ताय यान (यात)?" रिक्षावाल्या आगरी दादांनी विचारलं. मी पेटी ओढणीखाली घेतली.

मुंब्र्यापाशी काकूंनी विचारलं, "गार करून काय बघणार?"

"चुंबकत्व. काही पदार्थांत एकेक इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा चुंबक. शेजाऱ्याकडे बघून तो कसा वळतो, ते थेट दिसत नाही. म्हणून प्रकाशाच्या जाळीत गार अणू मांडायचे आणि त्यांना तसंच वागायला लावायचं. हे अणू एकेक करून दिसतात."

"म्हणजे नाटकात सोंग घेतात, तसं."

"अगदी तसंच." राग उतरला, भीती नाही.

कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यातल्या वर्कशॉपमध्ये शिरलो. तिथल्या तंत्रज्ञाने पेटी धुतली. स्क्रूच्या एका भोकातून गुलाबी पाणी आलं. परत धुतली. पंप लावून तो म्हणाला, "मॅडम, मळ राहिला असेल तर दाब उतरताना मध्येच अडेल."

काकूंनी पुरणपोळीचा डबा उघडला. मी पोळी हातात धरून दाबाच्या आकड्याकडे बघत होते. आकडा उतरत गेला आणि थांबला. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. मग तो पुन्हा उतरू लागला, हवा होता तिथवर गेला.

"पास," तंत्रज्ञ म्हणाला.

काकू पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "केवढी ओरडलीस गं! आता तुझे ते अणू शेजाऱ्याकडे बघून वळले की मला बोलव. मला बघायचंय."

"नक्की," मी म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीत पेटी मांडीवर होती. हुश्श वाटायला हवं होतं, पण कर्जत गेलं तरी वाटेना. पेटी आता निर्दोष होती. अणू वळले नाहीत, तर दोष द्यायला कुंकूसुद्धा उरलं नव्हतं.