खामगावला न उघडलेला कोश

आमच्या निवृत्त गुरुजींनी जमवलेल्या वऱ्हाडी शब्दांचा कोश मी लोणारला माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक शब्दाला आणि अर्थाला खुणा लावून, बांधला. छपाईसाठी आम्ही दोघं एसटीने खामगावला गेलो. छापखान्यातल्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर मात्र पीडीएफ तयारच होईना. त्या खुणा कशा वाचायच्या याच्या नियमांची एक वेगळी फाईल असते; ती कुठे आहे हे सांगणाऱ्या कॅटलॉगमध्ये माझ्या घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता होता, आणि ती फाईल घरीच राहिली होती.

"काऊन बे, घरी तं दिसत होता!" गुरुजी म्हणाले.

"हाव गुरुजी, पण इथं त्याले नियमच सापडून नाही राह्यले."

"मंग आता?"

मला काहीच करता येईना. गुरुजी कोऱ्या पडद्याकडे पाहत बसून राहिले.

लोणारला परत आल्यावर मी सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून कॅटलॉगात त्याच फोल्डरचा पत्ता दिला. खामगावच्या दुसऱ्या खेपेत कोश छापला गेला, पण त्या खेपेला गुरुजी आले नाहीत. "तू जा बावा," एवढंच म्हणाले.