पालथ्या माणसाशी वाद नाही

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीत एक नियम होता. जो पालथा पडून अंग रगडून घेतो आहे, त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि त्याला वाईट बातमीही सांगायची नाही. वस्ताद म्हणत, "मन आवळलं की पाठ आवळती. मग तेल बी वाया अन् मेहनत बी वाया." त्यामुळे घरची भांडणं आणि मुकादमाच्या तक्रारी लोक बाहेर पायताणांजवळ ठेवून आत येत.

रविवारी कापडगिरणी बंद असे. त्या सकाळी गल्लीतले बाप्ये तालमीत जमत. त्यांत कुस्ती खेळणारे थोडेच होते. बाकीचे आठवडाभर मागासमोर उभे राहून आंबलेले असत. करडईचं तेल घ्यायचं आणि पाळीपाळीनं एकमेकांचं अंग रगडायचं. आधी धाकट्यानं थोरल्याचं, मग थोरल्यानं धाकट्याचं.

त्या उन्हाळ्यात मी पुण्याच्या कॉलेजातलं पहिलं वर्ष संपवून घरी आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. पास झालो होतो, तरी मला परत जायचं नव्हतं. हे आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं कसं? गिरणीत ते ज्याला त्याला माझ्या कॉलेजबद्दल सांगत. शिवाय त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायची मला सवय नव्हती. विचार करता करता मला तालमीचा नियम आठवला. माझी पाळी आली की पालथं पडायचं आणि जमिनीकडे तोंड करून सांगून टाकायचं. मग आप्पांना वाद घालताच येणार नाही! ही युक्ती मला फार हुशारीची वाटली.

पण आधी त्यांचं अंग रगडायचं होतं. मी तेल घेऊन बसलो. शेजारी एक विणकर दुसऱ्याचे पाय दाबत होता. तो म्हणाला, "कॉलेजवाले, हात हायत का मोरपीस? आप्पाला गुदगुल्या हुतील की!"

सगळे हसले. आप्पाही पालथे पडल्या पडल्या हसले. मी जोर लावला. त्यांचा उजवा खांदा आणि मान दगडासारखी झाली होती. रगडता रगडता ते सैल पडू लागले, आणि त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की मला एकदम भरून आलं. पाळीबिळी मी विसरलो.

"आप्पा, मला पुण्याला न्हाय जायाचं."

माझ्या हाताखालची पाठ लाकडासारखी ताठ झाली. तो ताठपणा मला अजून बोटांत आठवतो.

"ए कॉलेजवाल्या!" वस्ताद ओरडले. "पाठ हाय ती, चावडी न्हाय! आता पयल्यासारखी मऊ हुईस्तवर उठायचं न्हाय. रगड!"

मी रगडत राहिलो. घाम नाकावरून टपकत होता. खरं सांगतो, सुरुवातीला मी फक्त घाबरलो होतो. मग श्वास हाताच्या लयीत आला, आणि छातीत महिनोन्‌महिने बसलेली धडधडही हळूहळू कमी झाली. दुसऱ्याचं अंग मोकळं करताना आपलंही मोकळं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बऱ्याच वेळानं आप्पांची पाठ पुन्हा सैल झाली. ते उठले आणि तेलाची वाटी स्वतःकडे ओढून म्हणाले, "पड पालथा."

त्यांचा अंगठा मानेच्या मुळाशी बसला. मी ओठ आवळून धरले होते, पण ते फार वेळ टिकले नाहीत.

"अभ्यास जमत न्हाई व्हय?" आप्पांनी हळूच विचारलं.

"जमतोय."

"कुणी तरास देतं?"

"थोडं हसत्यात. माझ्या बोलण्याला." मग मी मातीकडे बघत म्हणालो, "आप्पा, तितं मला कुणी ओळखत न्हाय. खोलीत चौघं हायत, पर कुणी खांद्यावर हात ठेवून 'कसा हायस' म्हणत न्हाय. न्हाव्याशिवाय मला कुणी हात लावलेला न्हाय."

एवढं बोलल्यावर मला रडू आलं. पालथं पडल्यावर ते कुणाला दिसत नाही, ही एक सोय.

आप्पांनी हातावर आणखी तेल घेतलं. "मी करमाळ्याकडनं हितं आलो, तवा तुझ्यापरीस ल्हान हुतो. गिरणीत सगळी अनोळखी. दोनदा ठेसनापतुर गेलो परत जायाला."

"नियम हाय!" विणकर म्हणाला. "वाद न्हाय घालायचा."

"वाद कुटं घालतोय? गोष्ट सांगतोय की!"

वस्तादांनी मिशीत हसून हात हलवला, म्हणजे चालू दे.

"मग?" मी विचारलं.

"मग ह्याच वस्तादाच्या बापानं मला हितं पालथा पाडून रगडला. तवापासून ह्यो गाव माझा." त्यांनी माझे दोन्ही खांदे दाबून सोडले. "पुण्यात काय तालमी न्हाईत व्हय रं?"

तालमी होत्या. कॉलेजच्या रस्त्यावरच एक होती. मी पुस्तकं काखेत मारून रोज तिच्यावरून जात असे. आत मात्र कधी डोकावलो नव्हतो. कॉलेजातल्या माणसानं तिथं जायचं नसतं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

"हायत," मी म्हणालो.

"तर दिवाळीपतुर जाऊन बघ. न्हाय करमलं तर ये. मी काय बी बोलनार न्हाय."

सुटी संपली तसा मी पुण्याला परत गेलो. पहिल्याच रविवारी त्या तालमीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आतून एकानं विचारलं, "कोण पाहिजे?"

"कुणाची पाठ रगडायची हाय का?" मी विचारलं.

आत हशा पिकला. मग कोपऱ्यातला एक जाडजूड गडी पुढं येऊन पालथा झाला.