नोकरीचा नमुना

गिऱ्हाइकाला दुकानातून रिकाम्या हाती परत पाठवण्याची विद्या पुरती साधलेला कापड दुकानातला नोकर साऱ्या चांदा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. हे माझे भाऊजी. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. तिथल्या बाजारात एका शेठजींच्या दुकानी भाऊजी मिसरूड फुटायच्या आधीपासून कामाला होते. कापडाचं ठाण उलगडावं तर त्यांनीच. मनगटाला एक झटका दिला की लुगडं गादीवर असं पसरायचं की बघायला आलेली बाई नवऱ्याकडे न बघता "हेच द्या" म्हणून टाकायची. पण तिनं "हेच द्या" म्हटलं की भाऊजींना काळजी लागे. मग ते लुगड्याचा पदर अंगठ्यात आणि बोटात धरून चुरत, डोळे मिटत आणि अगदी हलक्या आवाजात, पण शेठजींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "दिसाले चांगलं हाय, बाई. पण पहिल्याच धुण्यात रंग सोडन. काऊन घेता?" बाई पदर सावरून उठायची आणि भाऊजी तृप्त चेहऱ्यानं घडी घालायला बसायचे.

अंगठ्यात आणि बोटात कापड चुरायची त्यांची सवय दुकानापुरती नव्हती. समोरच्या माणसाशी बोलता बोलता त्यांचा हात त्याच्या बाहीकडे कधी गेला हे त्यालाही कळत नसे. लग्नात ताई आणि ते अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे होते, मंगलाष्टकं चालली होती, सगळे डोळे पुसत होते, आणि नवरदेवाचा हात हळूच पुढे आला, त्यानं अंतरपाट चुरून पाहिला आणि भटजींना विचारलं, "मांजरपाट हाय ना जी?" भटजींचं एक कडवं त्यात गळालं. आई मात्र त्या दिवसापासून जावयावर खूश होती. "माणूस कपडा पारखते, तर माणूसबी पारखत असन," असं तिचं म्हणणं. बाबांनी ते कधी मान्य केलं नाही.

आमच्याकडे लग्नाच्या कापडखरेदीला बस्ता फाडणं म्हणतात. सारं खटलं बैलबंड्या जुंपून येतं, दुकानदार चहा पाजतो, ठाणांमागून ठाणं उलगडली जातात, रुसवेफुगवे होतात, आणि शेवटी एकदाचा कापड फाडल्याचा टर्रकन आवाज होतो. त्या आवाजानंतर कोणी बोलायचं नाही असा नेम आहे. फाडलेलं परत होत नाही, आणि फाडलेल्याला नावंही ठेवायची नाहीत. भाऊजी हा नेम काटेकोर पाळत; त्यांचं सगळं बोलणं फाडण्याच्या आधी असे, आणि तिथेच घोटाळा होता. मूल गावाकडचं एक मोठं कुटुंब बस्त्याला आलं असता त्यांनी एकेका ठाणाचे असे दोष सांगितले की नवरीचा बाप घाबरला. "मंग कुठी घ्याव जी?" त्यानं विचारलं. भाऊजींनी अंगुलिनिर्देश करून समोरचं दुकान दाखवलं.

शेठजी भला माणूस. ते एवढंच म्हणाले, "तू उलगडत जा, बोलत नको जाऊ." भाऊजींनी जरा विचार केला. "मुक्यानं कापड उलगडनं मले नाई जमत, शेठजी," ते म्हणाले. कापड मोजायचा लोखंडी गज खिळ्याला अडकवला, गादीला नमस्कार केला आणि दुकान सोडलं. शेठजी पायरीपर्यंत पोचवायला आले होते, असं भाऊजी अभिमानानं सांगत. ते खात्री करून घ्यायला आले असावेत, असं बाबांचं मत होतं.

चांद्याची खोली सोडून भाऊजी आणि ताई नागभीडला आमच्या घरी आले. चार दिवसांसाठी. ताईची लग्नातली भांडी एका पोत्यात बांधलेली होती. ते पोतं तिनं ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आई कितीही म्हणाली तरी सोडलं नाही. "माह्या घरी सोडीन," एवढंच ती म्हणे. चार दिवसांचे महिने झाले, धान कापून झाला, पोतं तसंच. येणारेजाणारे आधी पोत्याकडे बघत, मग ताईकडे, आणि मग धानाबद्दल बोलत. मला त्या पोत्याचा फार राग यायचा. जावयाला तर कोणी काही म्हणूच शकत नव्हतं. जावई घरात असला की रोज पाहुणचार; त्याला काम सांगायचं नाही, जा म्हणायचं नाही, त्याच्या आधी जेवायचं नाही. बाबा शेतावरून भुकेले येत आणि जावयाच्या आंघोळीची वाट बघत बसत.

भाऊजी रिकामे बसले होते असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्याइतकं कष्टानं नोकरी शोधणारा माणूस मी पाहिला नाही. फक्त त्यांची रीत दुकानातली होती. जाणतं गिऱ्हाईक कापडाची एक चिंधी नमुना म्हणून मागून नेतं, भिजवून पांढऱ्या कपड्यावर घासून बघतं आणि मग ठरवतं. भाऊजी म्हणत, लुगडं दोन वर्षांत विरते, तरी आपण नमुना पाहतो. नोकरी तर जन्माची, ती काऊन नाई पाहाव? म्हणून ते कुठंही आधी बिनपगारी जाऊन काम करत. तो नमुना.

पहिला नमुना जंगलाच्या ठेकेदाराकडचा. लिलावाला व्यापारी जमले, सागाचे ओंडके मांडले, आणि भाऊजींनी एका ओंडक्याला टिचकी मारून सगळ्यांदेखत सांगितलं, "हा अंदरून पोकळ हाय." ठेकेदारानं त्यांना आल्या बंडीनंच परत पाठवलं, वर जेवणाचा डबा बांधून दिला, कारण ते कोणाचे जावई हे त्याला ठाऊक होतं. मग भाताची गिरणी झाली. तिथे यंत्राच्या आवाजात कोणाला काही सांगता येईना, म्हणून भाऊजी गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला बाहेर आंब्याखाली नेत आणि या गिरणीत कणी फार पडते हे समजावून सांगत. तिसरा नमुना रेल्वेचा. नागभीडचे स्टेशनमास्तर बाबांचे स्नेही. त्यांनी भाऊजींना तिकिटाच्या खिडकीशी नुसतं बसू दिलं. दुपारपर्यंत मास्तर धावत आमच्या घरी. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी म्हणत होते, "आज काऊन जाता? गाडी लेट हाय, गर्दीबी हाय. उद्या आरामात जा." निम्मी माणसं खरंच घरी गेली होती.

प्रत्येक नमुन्यानंतर ते ओसरीवर बसून आम्हाला त्याचा पोत सांगत. जंगलात माणसं कमी, गिरणीत आवाज फार, रेल्वेत घाई. एकदा बाबांचा धीर सुटला. ते भाऊजींना नाही, खांबाला उद्देशून म्हणाले, "जवाईबापू नोकरी शोधून राह्यले का नोकऱ्या चाखून राह्यले?" त्या दिवशी भाऊजींनी दुसरी पोळी घेतली नाही, आणि ताईनं ते बघितलं.

जेवणं आटोपल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन बसली. माहेरी ती त्यांच्याशी चारचौघांत कधी बोलत नसे. त्या दिवशी मी तिथेच होतो, तरी बोलली. "अजी, आता एक फाडा."

"फाडलेलं परत होत नाई," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. "एवढी वर्सं लोकायले घेऊ नका घेऊ नका सांगतलं. आता मले माह्यासाठी काई घेताच येऊन नाई राह्यलं. भेव वाटते."

ताई जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "मले तर नमुना न पाहताच नेलं होतं ना? सोडला का मी रंग?"

भाऊजींचा हात सवयीनं पुढे आला. त्यांनी तिचा पदर अंगठ्यात आणि बोटात धरला, पण चुरला नाही. मी उठून बाहेर गेलो. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं.

त्याच आठवड्यात ते वैनगंगेवर गेले. गडचिरोलीच्या वाटेवर तेव्हा पूल नव्हता. नावेनं नदी ओलांडायची. घाटाचा ठेका घेतलेल्या माणसाला काठावर बसून उतारूंची व्यवस्था बघणारा मुन्शी हवा होता. भाऊजींनी नमुना मागितला नाही. गेले आणि "येतो" म्हणून आले. ताईनं पोतं बंडीत चढवलं तेव्हा आईनं जावयाला कुंकू लावलं आणि बाबांनी बैल स्वतः जुंपले. बैल जुंपताना बाबा गुणगुणत होते.

घाटावर भाऊजी उतारूंना काय सांगत असतील हे सांगायला नको. "आज काऊन जाता?" पण तिथे ते खपून गेलं. पाऊसपाण्याच्या दिवसांत नदीचा रंग बदलला की ते नावाड्यांना खुंट्याशी बसवून ठेवत आणि माणसं मुकाट्यानं थांबत. ठेकेदार कुरकुरे. पण नदीला नावं ठेवली तर शेठजींसारखं वाईट वाटून घेणारं तिथं कोणी नव्हतं. थांबलेली माणसं भाऊजींच्या झोपडीपुढच्या मोहाच्या झाडाखाली बसत, ताई चहा देई, आणि बाजारातून परतणाऱ्या बाया गाठोडी सोडून नवी लुगडी भाऊजींपुढे धरत. कारण हा माणूस चांद्याच्या दुकानातला, हे सगळ्यांना ठाऊक.

पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा आता भाऊजी काय बोलतात याची मला धास्ती वाटली. धानोऱ्याकडच्या कुठल्या खेड्यातली एक गोंड म्हातारी होती. तिनं आणलेलं लुगडं इतकं विरळ की त्यातून नदी दिसत होती. भाऊजींनी काठ चुरला, डोळे मिटले. मग म्हणाले, "बेस हाय, बाई. नेसा." म्हातारी खुलली. ती नावेत बसल्यावर मी विचारलं, "भाऊजी, हे काय?"

"घेण्याआधी खरं सांगाव," ते म्हणाले. "घेतल्यावर बरं सांगाव."

पुढं माझीही पाळी आली. मॅट्रिक होऊन बरेच दिवस घरी काढल्यावर मला गडचिरोलीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका शाळेवर मास्तरकी मिळाली. चांद्यात एक कारकुनाची जागा निघेल म्हणून मी वाट बघत होतो. ती दुसऱ्यालाच मिळाली. मास्तरकी मी रागानंच पत्करली. सही करून झाली होती, ट्रंक नावेत चढली होती, आणि मी काठावर उभा राहून ताईकडे बघत होतो. तिच्या झोपडीत पोत्यातून सोडलेल्या पितळी घागरी ओळीनं मांडलेल्या होत्या. मला परत फिरावंसं वाटत होतं. नोकरीवर निघताना घालायला म्हणून मी चांद्याहून निळा सदरा शिवून आणला होता.

"भाऊजी, कसं होईल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या बाहीचं कापड अंगठ्यात आणि बोटात धरून चुरलं. डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला त्यांना. नावाडी हाका मारू लागला.

"बेस हाय," ते म्हणाले. "जरा खळ हाय, म्हून टोचते. धुतल्यावर नरम पडन."

मी नावेत बसलो. पैलतीर येईपर्यंत ते दोघं काठावर उभे होते, ताई हात हलवत आणि भाऊजी आमच्या नावाड्याला ओरडून उगाच काहीतरी सांगत.

तो निळा सदरा पहिल्याच धुण्यात विटला. बादलीतलं पाणी निळं झालं आणि मी शाळेच्या विहिरीवर एकटाच हसत बसलो. नोकरी मात्र नरम पडली. इतकी की नंतर चांद्याची जागा चालून आली तेव्हा मी गेलो नाही. आता नदीवर पूल आहे, बस काठावर थांबत नाही, आणि तो मोहही दिसत नाही. पण पुलावर आलो की मला तो सदरा आठवतो. त्याचा रंग जाणार हे चुरताक्षणीच भाऊजींना कळलं असणार. शेठजींसाठी उभ्या जन्मात जे एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही, ते त्या दिवशी ते माझ्यासाठी बोलले.