मथुराकाकीने मोकळं केलेलं खळं

मथुराकाकी बोलली की बायका ऐकायच्या. वर्सोव्याच्या आमच्या कोळीवाड्यात तिच्यापेक्षा श्रीमंत बायका होत्या, मोठ्या आवाजाच्या तर कितीतरी होत्या. पण मासळीच्या वाट्यावरून दोघींची जुंपली की तिसरी कुणी म्हणायची, मथुरेला बोलवा. ती यायची, दोघींचं ऐकून घ्यायची आणि मग इतक्या हळू बोलायची की भांडणाऱ्यांना गप्प बसल्याशिवाय ऐकूच येत नसे.

ती माझी चुलती. माझ्या बाबांचा धाकटा भाऊ हरेश्वर, त्याची बायको. तिला मूल नव्हतं. बाबा लवकर गेले, तेव्हापासून माझी आई पार्वती आणि काकी अशा दोघी जावांनी मिळून धंदा सांभाळला. हरेश्वरकाका आणि त्याचे भागीदार बोंबील आणायचे, या दोघी ते सुकवायच्या. चूल एक होती, आणि मी दोघींची मुलगी होते.

गावाच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी, वाळूचं लांबलचक खळं होतं. तिथे बांबू रोवून, दोर ताणून वलांड्या उभ्या केलेल्या असायच्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरावर टाकायची. पुढचं काम ऊन आणि वारा करायचा. जमीन कुणाच्या नावावर नव्हती. सरकारची आहे असं म्हणायचे. पण कुठली वलांडी कुणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासूची वलांडी सुनेकडे यायची. आमची अशीच आईच्या आजेसासूपासून चालत आलेली.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर अवकाळी पाऊस लागून राहिला. दोरावरचा सगळा माल बुरसला. ज्या बोंबलांवर वर्षाचं घर चालायचं ते कोंबड्यांच्या खाद्यासाठी टोपलीच्या भावाने गेले. त्याच हंगामात सुलक्षणा परब आमच्याकडे पहिल्यांदा आली.

ती विद्यापीठात संशोधन करायची. उन्हाच्या उष्णतेवर मासळी झाकून, स्वच्छ आणि लवकर कशी सुकवता येईल, हा तिच्या विभागाचा प्रकल्प होता. पाऊस आला तरी माल भिजू नये, वाळू आणि माश्या लागू नयेत, आणि खर्च कोळणींना झेपेल इतकाच यावा. तिचे वडील परळच्या गिरणीत होते, संपानंतर घरीच बसलेले. त्यामुळे असेल, पण ती आम्हाला शिकवायला आल्यासारखी बोलत नसे. अंधेरीहून बसने यायची, चपला हातात घेऊन वाळूतून चालायची. मी तेव्हा अंधेरीला कॉलेजात जात होते, आम्ही कधीकधी एकाच बसने परतायचो.

बाकीच्या बायकांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. काकीने आपल्या वलांडीशेजारची जागा दिली. सुलक्षणाने तिथे बांबूचा सांगाडा उभारला, खाली काळा कागद अंथरला, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणलं आणि आत जाळीच्या फळ्या लावल्या. बायका त्याला मॅडमचा तंबू म्हणायला लागल्या. पहिला माल निघाला तो वरून पापडासारखा आणि आतून कच्चा. वास सुटला होता. खळ्यावर हसण्याची लाट उठली. सुलक्षणाचा चेहरा पडला. काकी मात्र एक बोंबील मोडून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वरून शिजला. परत कर."

सुलक्षणाने परत केला. वाऱ्याला वाट ठेवली, वर झडपा बसवल्या, फळ्यांची उंची बदलली. वर्षभर ती हेच करत होती. पुढच्या हंगामात तंबूतून जो बोंबील निघाला तो पांढरा, हलका, दाताखाली वाळूचा कण नाही. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातल्या व्यापाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि चढा भाव दिला. त्या दिवशी काकी घरी आली ती गाणं गुणगुणत. आईला म्हणाली, पुढच्या पावसाची भीती गेली. आईनेही एक बोंबील भाजून चव घेतली आणि दुसरा घेतला.

मग विद्यापीठाने मोठं यंत्र मंजूर केलं. आमच्या सबंध आळीचं, बायकांनी एकत्र चालवायचं. प्रकल्पाचे प्रमुख सर स्वतः खळं बघायला आले. लोखंडी पाइपांचा सांगाडा, परदेशी प्लास्टिक, सलग सपाट जागा, असं सगळं ठरलं. अडचण एकच होती. उत्तरेकडच्या टोकाला आमच्या आळीच्या वलांड्या होत्या, त्या काढल्याशिवाय यंत्र बसणार नव्हतं.

बायका तयार नव्हत्या. सर्वांत जास्त माझी आई. खळ्यावरच सगळ्या बसल्या. सुलक्षणाने समजावलं, आकृती काढून दाखवली, कुणी बघितली नाही. शेवटी सगळ्यांची तोंडं काकीकडे वळली.

आई म्हणाली, "बांबू काढायला वेळ लागत नाय मथुरे. परत रोवायची पाळी आली तं?"

"तं परत रोवू, वैनी. खळं कुठं जातंय?" काकी म्हणाली. मग तिने त्या बुरसलेल्या मालाची आठवण काढली. कुणी तेव्हा पोरीचं लग्न पुढे ढकललं होतं, कुणी बांगड्या मोडल्या होत्या. ती हळू बोलत होती आणि बायका पुढे सरकून ऐकत होत्या. उन्हं उतरायच्या आत पहिला बांबू उपटला गेला. आमच्या वलांडीचे बांबू आईने स्वतः उपटले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शहाऐंशीचा तो हंगाम चांगला गेला हे मी सांगितलं पाहिजे, कारण नंतर कुणी ते बोलत नाही. बायकांनी पाळ्या लावल्या, माल एकत्र विकला. शहरातून माणसं बघायला यायची, फोटो काढायची. काकी प्रत्येकाला आत नेऊन झडपा उघडून दाखवायची. हरेश्वरकाका चेष्टेने तिला प्रोफेसरीण म्हणायचा.

फेब्रुवारीत प्लास्टिक पिवळं पडलं. खाऱ्या वाऱ्याने ते कडक होऊन आधी कोपऱ्यात फाटलं, मग एका दुपारी उभं चिरत गेलं. सुलक्षणाने नवीन मागवलं. ते परदेशातून यायचं होतं आणि कुठल्याशा मंजुरीत अडकलं. आम्ही गावातलं साधं प्लास्टिक जोडून पाहिलं, ते महिनाभरही टिकलं नाही. मार्चअखेर प्रकल्पाची मुदत संपली. मग विभागाचा टेम्पो आला. पाइप ही विद्यापीठाची मालमत्ता होती, हिशेबतपासणीच्या आधी ते विभागात परत पोहोचायला हवे होते. सुलक्षणा त्या दिवशी आली नव्हती. माणसांनी नटबोल्ट सोडवून सांगाडा उतरवला, काकीने त्यांना पाणी दिलं.

बायका म्हणाल्या, आता पावसाळा तोंडावर आला, दसऱ्याला वलांड्या परत बांधू. काढलेले बांबू घरांच्या मागे पडून होते. काही त्या पावसात चुलीत गेले.

नारळी पौर्णिमा झाली आणि एके सकाळी खळ्याच्या उत्तरेला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार दिसली. आतमध्ये पत्र्याची खोली आणि दोन पहारेकरी. पाठीमागची खारफुटी तर आधीच भरणी टाकून बुजवत आणली होती, तिथे इमारती उठत होत्या. त्या बांधणाऱ्या बिल्डरनेच ही जागाही सरकारकडे मागितली होती, आणि मोजणीला माणूस आला तेव्हा त्याला तिथे रिकामी वाळू दिसली होती. दक्षिणेकडच्या आळ्यांच्या वलांड्या उभ्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. बायकांनी तारेतून शिरून बांबू रोवले. पहारेकऱ्यांनी ते उपटून बाहेर फेकले.

काकी मला घेऊन विद्यापीठात गेली. सरांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंत्र उत्तम चाललं होतं, परदेशातल्या परिषदेत त्याचं कौतुक झालं. काकी म्हणाली, "साहेब, तुमी फक्त येऊन सांगा, ती जागा आमची होती म्हणून."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, जमिनीचा प्रश्न आमच्या विषयात बसत नाही."

सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती. जिन्यात ती आमच्या मागून धावत आली आणि म्हणाली, "मी येते, मावशी. मी सांगते."

बायकांनी जागेसाठी केलेल्या अर्जाची सुनावणी अंधेरीतल्या एका सरकारी कचेरीत होती. आळीतल्या बायका बाहेरच्या व्हरांड्यात बसल्या, आत काकी, मी आणि सुलक्षणा गेलो. बिल्डरचा वकील एका खुर्चीत शांत बसला होता. सुलक्षणा चांगली बोलली. पिढ्यान्‌पिढ्या या बायका तिथे मासळी सुकवत आल्या आहेत, मी स्वतः पाहिलं आहे, म्हणाली. अधिकाऱ्याने तिला मध्ये तोडलं नाही. तिचं झाल्यावर त्याने विचारलं, "गेल्या हंगामात त्या जागेवर वलांड्या होत्या?"

"नव्हत्या. आमच्या प्रयोगासाठी काढल्या होत्या."

"कुणी काढल्या?"

"बायकांनीच."

"तुम्ही जबरदस्ती केली होती?"

सुलक्षणाने काकीकडे पाहिलं. खोटं बोलली असती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. "नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने काकीला विचारलं, या म्हणतात ते बरोबर आहे का. काकी म्हणाली, बरोबर आहे. मग त्याने लिहून घेतलं की जागा वहिवाटदारांनी स्वखुशीने मोकळी केली होती. वकिलाने काही विचारलं नाही. त्याला विचारायला काही उरलंच नव्हतं.

बाहेर बायकांनी काकीला घेरलं. ती इतकंच म्हणाली, "गेलं." परतीच्या बसमध्ये कुणी तिच्या शेजारी बसलं नाही. मी बसले. तिचा हात हातात घेतला, तो लाकडासारखा होता.

घरी आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं मीच सांगितलं. ती ओरडली नाही. काकीकडे वर न बघताच म्हणाली, "माज्या सासूने मना दिलेलं मी या पोरीला देणार होती. आता काय देऊ गो?" दुसऱ्या दिवसापासून चूल वेगळी झाली. एका घरात दोन चुली, मध्ये गोणपाटाचा पडदा. आई पडद्यापलीकडे कधी बोलली नाही.

बाकी बायकांनीही काही वाईट शब्द काढले नाहीत. तसे काढले असते तर बरं झालं असतं. त्या नुसत्या तिच्याशी बोलायच्या थांबल्या. आता सगळे ओले बोंबील धक्क्यावरच मिळेल त्या भावात जायचे. आळीतल्या काही जणी नव्या इमारतींत भांडी घासायला लागल्या. काकी तरीच्या होडीतून खाडीपलीकडच्या मढला जाऊन एका शेडमध्ये कोलंबी सोलायला बसू लागली. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात. बोटांची सालं निघाली, नखं काळी पडली. हरेश्वरकाकाने बोटीतला वाटा विकला. त्याची छाती पहिल्यापासून कमजोर होती, पुढच्या थंडीत तो गेला. तिरडी उठताना आई आली, काकीच्या मागे उभी राहिली आणि तशीच परत गेली.

काका गेल्यावर काही दिवसांनी सुलक्षणा आली. विद्यापीठाने तिला पुढे ठेवलं नव्हतं, ती पालघरकडे एका कॉलेजात शिकवत होती. तिने घराच्या छपरावर मावेल असा लहान संच बनवला होता, स्वतःच्या पैशाने, कापडी पिशवीत घालून आणलेला. विभागाचा नाही, सरांचा नाही, म्हणाली. मावशी, तुम्ही एकदा चालवून दाखवलंत तर बायका घेतील.

काकीने तो हातात घेऊन पाहिला. जाळी दाबून बघितली. मग परत दिला. "तुजं यंतर चांगलं होतं, सुलक्षणा. मी कवा वाईट बोलली नाय, बोलणार नाय. पण मना कोणाला कायबी सांगायला लावू नको. मी सांगितलं की बायकांना पटतं."

सुलक्षणा तिथे बसूनच रडली. काकी रडली नाही. पिशवी तिच्या हातात देऊन तिने तिला बसपर्यंत सोडलं. ती पुन्हा वर्सोव्याला आली नाही.

काकी मनोरीला आपल्या भावाकडे, बळवंतमामाकडे राहायला गेली. जाताना आईच्या पडद्याशी थांबली, "वैनी, जाते गो," म्हणाली. आतून भांड्याचा आवाज आला, तेवढंच.

मागच्या वर्षी मी मार्व्याहून तरीने तिला भेटायला गेले. मामाच्या घरी तिच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. पाणी भरते, तांदळाच्या भाकऱ्या थापते, मामीच्या नातवंडांना न्हाऊ घालते. तिथल्या खळ्याकडे मात्र जात नाही. मामी म्हणाली, आम्ही एकदा धरून नेलं तर वाळूवर पाय ठेवताच मागे फिरली, दोन दिवस जेवली नाही. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. माझ्या नोकरीचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणाली, "तिथं लोक राहायला आले?"

आले, मी म्हटलं. खळ्यावरच्या इमारतीचे सगळे मजले भरले.

"पाणी येतं त्यांना?"

टँकरने येतं, म्हटलं.

तिने मान हलवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. परतीची होडी निघायची होती. मी उठले, पाया पडले. तिने पिठाचा हात माझ्या डोक्यापासून दूर धरला, मनगटाने पाठीला स्पर्श केला आणि माझ्याकडे न बघता पुन्हा परातीकडे वळली.